घरची शिटी

परवा टीव्हीवर रेल्वेगाड्यांवरचा एक कार्यक्रम झाला. आमच्या सोसायटीत दोन गृहस्थ असे आहेत, की ज्यांना नातवंडांची नावं आठवत नाहीत पण इंजिनांची वर्षं तोंडपाठ आहेत. कार्यक्रम संपतो न संपतो तोच दोघेही माझ्या दारात हजर. ‘अहो, तुम्ही रेडिओत होता ना? हे असं चालतं का? पूल एकीकडचा, गाडी दुसरीकडची आणि आवाज तिसऱ्याच इंजिनाचा! डोळे फुटलेत का यांचे?’ मी रेडिओत होतो म्हणून टीव्हीच्या पापांनाही मीच जबाबदार, अशी त्यांची समजूत दिसली. दोघं इतके लाल झाले होते की सौभाग्यवतीनं आधी पाणी आणलं आणि मग चहा. त्यांना कसंबसं शांत करून वाटेला लावलं. ते गेल्यावर मात्र मी टीव्ही बंद केला आणि हे लिहायला बसलो.

संपादकांनी रेडिओतले गमतीदार अनुभव मागितले आहेत. माझ्याकडे गमतींचा तोटा नाही. पण रेल्वेप्रेमी मंडळी खवळून दारात आली की मला जे आठवतं, ते गमतीनं सुरू होतं एवढंच. पुढचं जसं घडलं तसं सांगतो.

आधी माझं काम काय होतं ते सांगायला हवं, कारण ‘रेडिओत होतो’ म्हटलं की लोकांना वाटतं मी बातम्या वाचत होतो. मी आवाज करत होतो. माणसाचे सोडून बाकी सगळे. श्रुतिकेत दार वाजलं, कपबशी फुटली, विहिरीत घागर पडली, की त्यामागे मी. सुपात वाटाणे फिरवले की पाऊस, पत्रा हलवला की गडगडाट, जाडसर कागद माइकजवळ चुरगाळला की वणवा. एकदा एका ऐतिहासिक नाटकात तलवारींच्या खणखणाटासाठी मी घरून दोन उलथणी आणली होती. लढाई छान झाली, पण संध्याकाळी घरी पोळ्यांचा खोळंबा झाला आणि खरी लढाई तिथे झाली.

ऐकणारेही एकेक नग असत. एका वैद्यबुवांचं म्हणणं, श्रुतिकेतला म्हातारा खोकतो तो खोकला कफाचा नसून पित्ताचा आहे, तेव्हा कथेत त्याला काढा देऊ नये. एका बाईंनी कळवलं, की तुमच्या नाटकातलं तान्हं बाळ भुकेचं रडत नाही, त्याचं पोट दुखतंय. ते बाळ मीच होतो. मला तो मोठा मान वाटला आणि थोडी भीतीही वाटली. लोक आपल्याला किती कान देऊन ऐकतात, हे कळलं की हात जरा जपून चालतो.

पुढे टेपचं यंत्र आलं आणि माझे वाटाणे-पत्रे निम्मे अडगळीत गेले. बाहेर जाऊन खरे आवाज धरून आणायचे, असं नवं काम सुरू झालं. यंत्राला ‘पोर्टेबल’ म्हणत. उचलायला दोन धट्टेकट्टे हमाल लागत, पण म्हणत पोर्टेबल. ते गाडीत घालून मी पिठाची गिरणी, गोदीतली कप्पी, ठाण्याच्या खाडीतली वल्ही असे आवाज गोळा करत हिंडलो. प्रत्येक आवाजाच्या रिळाला डबा, डब्याला चिठ्ठी, आणि तो आमच्या आवाजांच्या कपाटात. कुणाला गिरणी हवी, कुणाला वल्ही हवीत, कपाट उघडा आणि वाजवा.

याच फिरतीत एका दुपारी मी कल्याणच्या यार्डात गेलो होतो. इंजिनाचे आवाज हवे होते. आता आमच्याकडच्या लोकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो, की मुंबईहून कल्याणपर्यंत आणि पुढे घाटातही तेव्हा विजेच्याच गाड्या होत्या. ती वीज ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमध्ये कोळसा जाळून व्हायची, आणि तिथल्या कोळशाच्या वाघिणी ओढायला कल्याणच्या यार्डातून वाफेचं इंजिन जायचं. विजेच्या गाड्या दिमाखात धावायच्या त्या अशा एका काळ्या, धापा टाकणाऱ्या इंजिनाच्या जिवावर. त्या दिवशी त्या इंजिनावर जाधव नावाचा ड्रायव्हर होता. उंच, गळ्यात रुमाल, दात पांढरेशुभ्र. बाकी सगळा कोळशात बुडवून काढलेला.

त्यानं मला सगळे आवाज हौसेनं काढून दिले. धापा, वाफ, ब्रेक, डबे आपटणं. शेवटी मी म्हणालो, ‘आता एक शिटी द्या आणि झालं.’

तो विचारतो, ‘कंची देऊ? कामाची का घरची?’

‘घरची म्हणजे?’

त्याच्या हाताखालचा फायरमन किसन फिसकन हसला. जाधव लाजला. कोळशातून माणूस लाजलेला दिसतो हे मी त्या दिवशी पाहिलं. म्हणाला, ‘पॉवर हाऊसला माल टाकून माघारी येताना रेल्वेच्या चाळीपाशी देतो, ती. मंडळी तवा ठेवतात. आई अंघोळीचं पाणी टाकते. ड्युटी सुटून घरी पोचतो तवर समदं तयार.’

मग कळलं, की चाळीत राहणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरची अशी एक शिटी असते. शिटीची दांडी ओढायची ज्याची त्याची पद्धत. कुणी तुटक तुटक ओढतो, कुणी लांब सोडतो. चाळीतल्या बायका नुसत्या शिटीवरून ओळखतात कुणाचा धनी आला, आणि एकाची शिटी दुसरा देत नाही. तसं ठरवलंय कुणी नाही, पण देत नाही.

मी म्हणालो, दोन्ही द्या. कामाची शिटी नुसती कर्कश होती. घरची मात्र दोन आखूड आणि मग एक लांब, आणि ती लांब शिटी संपता संपता किंचित खाली यायची, माणूस दमून ओट्यावर टेकतो तशी. मी रीळ बंद केलं आणि चिठ्ठीवर लिहिलं, ‘इंजिन, शिटी, उत्तम.’ जाधवला रेडिओवर ऐकायला सांगून मी परत आलो.

त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी आमच्या केंद्रावर रेल्वेवर एक साप्ताहिक कार्यक्रम ठरला. दर गुरुवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं, नाव ‘रुळांच्या सोबतीनं’. संहिता लिहिणारे गृहस्थ गिरगावात जन्मले, गिरगावात वाढले आणि गाडीत फक्त लग्नाच्या वऱ्हाडासोबत बसले होते. कार्यक्रमाची सुरुवात कशानं करायची असा प्रश्न आला, तेव्हा मी कपाटातून जाधवची घरची शिटी काढली. साहेबांनी ऐकली आणि म्हणाले, ‘वा! हीच.’ तेव्हापासून दर गुरुवारी ती शिटी व्हायची आणि मग निवेदक बोलायचा.

दुसऱ्या भागात बोरघाट होता. संहितेत लिहिलेलं, ‘इंजिन धापा टाकत घाट चढते.’ मी धापा दिल्या. भरपूर दिल्या. त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी ठाण्याला नौपाड्यात माझ्या घरी दाढी करत होतो आणि तीन माणसं दारात उभी राहिली.

पुढे होते दामले मास्तर. डोंबिवलीच्या शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि फळ्यावर फुलदाणी काढता काढता तिचं इंजिन व्हायचं अशी त्यांची ख्याती. त्यांच्यामागे नेने. बँकेत कारकून, राहायला कोपरीत अगदी रुळांलगत. गाडी गेली की यांच्या घरातली भांडी वाजायची आणि हे भांड्यांवरून गाडी सांगायचे. तिसरे बाळाराम भोईर, ठाकुर्लीचे शेतकरी. त्यांच्या बांधापासून रूळ हाकेच्या अंतरावर. दर रविवारी हे तिघं भोईरांच्या बांधावरच्या चिंचेखाली बसून गाड्या बघायचे. कुणी पत्ते खेळतं, कुणी भजनाला जातं, हे गाड्या बघायचे. त्या रविवारी गाड्या सोडून माझ्याकडे आले, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला कळायला हवं होतं.

‘बोरघाटात धापा?’ दामले मास्तरांनी आत येण्याआधीच विचारलं. त्यांचा आवाज खरोखर कापत होता. ‘अहो, घाटात विजेचं इंजिन आहे! कितीतरी वर्षं झाली! धापा कसल्या टाकतंय ते?’

‘मी बशी खाली ठेवली ती उचललीच नाही,’ नेने म्हणाले. ‘बायको म्हणाली, बरं नाही का वाटत? म्हटलं, रेडिओवर घाटात वाफ सोडतायत, बरं कसं वाटेल?’

मी संहितेकडे बोट दाखवलं. मग लोकांच्या मनातली गाडी झुकझुकच करते, असा बचाव केला. विजेचं इंजिन नुसतं घूं करतं, त्यात नाट्य काय, असंही म्हणालो. यावर दामले मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दाढी अर्धवट टाकून आत तिघांसाठी चहा करायला सांगितला.

चहा आला. दोघं बोलत होते आणि भोईर गप्प होते. दणकट माणूस, पण पार उतरून गेलेला दिसत होता. मी म्हणालो, ‘भोईर, तुमचंही काही राहिलंय का? एकदाच सगळं ऐकून घेतो.’

भोईरांनी बशी खाली ठेवली. ‘साहेब, सुरवातीला ती शिटी देता ना, ती जाधवाची हाय.’

मला कौतुकच वाटलं. ‘बरोबर! मीच धरून आणली आहे. ओळखलीत तुम्ही?’

‘वलखीन नाय तं काय? आमचे बांधावरशी रोज जायचा. कोलसा टाकून माघारी गेला का चालीपाशी द्यायचा, बांधावर आयकाला यायची.’ त्यांनी बशी लांब सारली. ‘साहेब, जाधव मेला. दोन वर्सां झाली.’

दामले मास्तर आणि नेने यांना वाटेतच कळलं असावं, कारण ते दोघं खाली बघत होते.

‘पयल्या गुरवारी मी गोठ्यात होतो,’ भोईर म्हणाले. ‘शेजारच्यांचा रेडिओ चालू होता. शिटी झाली आन माझे हातातली दुधाची कासंडी पडली. मी भायेर आलो, रुलाकडं बघतंय. काय नाय. मना वाटलं माझं डोस्कं फिरलं.’

जाधवला ताप आला आणि चार दिवसांत तो गेला, एवढं त्यांना ठाऊक होतं. मला त्याचे पांढरे दात आठवले. रेडिओवर ऐका म्हणून त्याला सांगितलं होतं, तेही आठवलं.

तरी त्या दिवशी कुणी शिटी बंद करा म्हणालं नाही. मेलेल्या माणसाचा आवाज रेडिओवर लागतोच, गाणारे जातात आणि त्यांच्या तबकड्या वाजतात, असं मी म्हणालो आणि तिघांनाही ते पटलं. घाटाची दुरुस्ती पुढच्या भागात निवेदकाच्या तोंडून करायची, असं ठरवून मंडळी गेली.

पुन्हा आली ती दोन रविवारांनी, आणि या वेळी कुणीही चहा घेतला नाही. दामले मास्तर कल्याणला रेल्वेच्या चाळीत एका ओळखीच्यांकडे गेले होते. तिथल्या रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे कामगारांच्या क्लबाच्या, हॉलमध्ये रेडिओ असायचा, खिडक्या उघड्या ठेवून मोठ्यानं लावायचे, म्हणजे चाळीत सगळ्यांना ऐकू यायचं. जाधवची म्हातारी आई आणि बायको त्या चाळीतच, नात्यातल्या, रेल्वेतच खलाशी असलेल्या एकाच्या खोलीत राहत होत्या. म्हातारीचं डोकं मुलगा गेल्यापासून ताळ्यावर नव्हतं. गुरुवारी शिटी झाली की ती उठायची, ‘आला माझा राघू’ म्हणायची, आणि बंबात पाणी टाकायची.

‘मी डोळ्यांनी पाहिलं हो,’ दामले मास्तर म्हणाले. ‘म्हातारी बंबापुढे बसून फुंकर घालतेय. आणि सून दारात उभी. काही बोलत नाही, रडत नाही, नुसती रुळांकडे बघत उभी. मला तिथे थांबवेना. आपण काय करतोय हे? ती बाई दर गुरुवारी काय भोगत असेल?’

नेने म्हणाले, ‘बंद करा ती शिटी. आजच्या आज.’ भोईरांनी मान हलवली.

मला दुसरं काही सुचलंच नाही. कुणालाच सुचलं नसतं. सोमवारी मी साहेबांना सांगितलं. साहेब शिस्तीचे कडक, पण मनाचे मऊ. ऐकून चष्मा काढून बसले. ‘अरेरे,’ म्हणाले. ‘ताबडतोब काढा. आणि हे बघा, मूळ रीळसुद्धा कपाटात ठेवू नका. उद्या एखादा नवा माणूस चुकून वाजवायचा आणि पुन्हा त्या माउलीच्या जिवाला घोर.’ पुढच्या गुरुवारी कार्यक्रम सारंगीच्या तुकड्यानं सुरू झाला. दामले मास्तरांनी केंद्रावर फोन करून आभार मानले. सगळं कसं योग्य झालं, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं.

असेच काही गुरुवार गेले. एके दिवशी दुपारी फाटकावरच्या शिपायानं आत येऊन सांगितलं, ‘कल्याणहून एक बाई आल्यात. शिटीवाल्या साहेबांना भेटायचंय म्हणतात.’

बाहेर बाकावर एक तिशीच्या आतली बाई बसली होती. काठाचं साधं लुगडं, कपाळ मोकळं, कडेवर दोनेक वर्षांची मुलगी. सोबत चाळीतली एक वयस्कर शेजारीण. मला बघून ती उठून उभी राहिली.

‘मी यमुना जाधव,’ म्हणाली. ‘साहेब, आमच्या ह्यांची शिटी का बंद केली?’

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

‘बंद केली, म्हणजे... तुम्हाला त्रास होतो म्हणून,’ मी म्हणालो.

‘कुनी सांगितलं?’

मी त्यांना आत नेऊन बसवलं, पाणी दिलं. बाई आवाज न चढवता बोलत होती, त्यानं मला जास्तच कानकोंडं झालं. म्हणाली, ‘पयल्यांदा वाटलं, आज राहिली असंल. मग दुसऱ्या गुरवारी बी सारंगीच. आमचं काय चुकलं का साहेब? सासूबाई मोठ्यानं बोलत्यात, त्याची कुनी तक्रार केली का?’

‘नाही हो, तसं काही नाही. पण त्या पाणी टाकतात, तुम्ही दारात उभ्या राहता. लोकांनी पाहिलं. त्यांना बघवेना.’

‘त्यास्नी बघवंना, म्हनून?’ ती म्हणाली, आणि शेजारणीकडे बघितलं. मग सांगत गेली. ‘साहेब, मी हिच्या टायमाला बाळंतपणाला माहेरी गेलेली, साताऱ्याकडं. पोरगी चार दिसांची असताना तार आली. मला कुनी जाऊ दिलं न्हाई. म्हैन्यानं मी कल्याणला आले तवर समदं झालेलं. खोली दुसऱ्याला दिलेली, आमची भांडी पोत्यात. लोक सांगत्यात ते गेले. म्या न्हाई बघितलं. मी गेले तवा ते मला ठेसनावर सोडायला आले हुते, हसत हुते. माझ्यापाशी तेवढंच हाय.’

कडेवरची मुलगी माझ्या टेबलावरच्या घंटीशी खेळायला लागली. तिला कुणी थांबवलं नाही.

‘अन् मग तुमच्या रेडिओवर शिटी झाली. पयल्या गुरवारी मी खरंच तवा ठेवला, साहेब. ठेवला अन् मग भानावर आले. दुसऱ्या गुरवारी भानावर राहून ठेवला. सासूबाई पानी टाकायच्या, मी टाकू द्यायची. बंब पेटायचा, भाकरी व्हायची, आमी दोघी जेवायचो. गुरवारी घरात मानूस असल्यावानी वाटायचं. त्यात कुनाचं काय बिघडलं?’

मी म्हणालो, ‘बाई, तुम्ही घरी जा. मी रीळ शोधतो आणि तुम्हाला कळवतो.’ शिटी पुन्हा लावायची की नाही ते साहेब ठरवतील, पण निदान तुम्हाला इथे आणून ऐकवीन, एवढं मी तिला कबूल केलं. तिचा चेहरा लगेच उजळला. तो उजळायला नको होता, असं मला त्याही वेळी वाटून गेलं.

आता टेपचं थोडं सांगतो. त्या काळी टेप परदेशातून यायची आणि टंचाई कायमची. त्यामुळे ज्या रिळाचं काम संपलं, ते पुसून त्यावर नवं काहीतरी धरायचं, ही पद्धत. पुसायला एक चुंबकाचं यंत्र होतं. त्यावर रीळ ठेवून फिरवलं की आतलं सगळं साफ. पाटीवरचा खडू पुसला तर जरा तरी डाग राहतो, तेवढासुद्धा इथे राहत नाही.

मी कपाटाकडे धावलो. कपाट सांभाळणारे आमचे सहकारी प्रामाणिक माणूस. साहेबांनी सांगितलं ते त्यांनी त्याच दिवशी केलं होतं. शीर्षकाचं, म्हणजे कार्यक्रमाच्या सुरुवातीला वाजायचं ते रीळ पुसलं होतं. मूळ रीळही पुसलं होतं, आणि त्यावर आता भातावरच्या किडीबद्दल शेतकी खात्याचं भाषण होतं. मी ते रीळ लावलं आणि कानाला हेडफोन लावून भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. वक्ता श्वास घ्यायला थांबायचा तिथे जीव कानात आणायचो. वाटायचं, मागे कुठेतरी असेल. काही नव्हतं. शेवटी रिकामी टेप सुटली आणि तिचं टोक चाकावर फटफट आपटत राहिलं, तरी मी हेडफोन काढला नाही. सहकारी विचारायला लागले, बरं वाटतंय ना.

रविवारी मीच ठाकुर्लीला गेलो. तिघं चिंचेखाली बसलेले होते. मी सगळं सांगितलं. नेने मटकन खाली बसले, म्हणजे बसलेलेच होते, आणखी खाली बसले. दामले मास्तर म्हणाले, ‘मी त्यांना विचारलंच नाही. इतका जवळ उभा होतो. पण काय विचारायचं, असं वाटलं.’ समोरून एक गाडी गेली, आणि ती कोणती, हे त्या दिवशी कुणीही म्हणालं नाही.

मग भोईर म्हणाले, ‘किसन हाय ना. जाधवाचा फायरमन. आता ड्रायवर झालाय, त्याच इंजनावर हाय. त्याला येते ती शिटी. जाधवानंच शिकवली त्याला दांडी ओढाला.’

आम्हाला एकदम धीर आला. मी तर मनातल्या मनात यंत्र गाडीत चढवलंसुद्धा. दोन आखूड, एक लांब, किसन वाजवेल, मी धरीन आणि बाईंना ऐकवीन. मूळच सापडलं म्हणून सांगायचं. कुणाला कळणार होतं?

यार्डात किसन भेटला. आता तोही गळ्यात रुमाल बांधत होता. मी काय हवंय ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, हातातल्या चिंध्यांच्या बोळ्यानं हात पुसत राहिला.

‘येते मला,’ म्हणाला. ‘डोळं मिटून देईन. पन देणार न्हाई.’

‘अरे, त्या बाईसाठी.’

‘वहिनीसाठीच न्हाई म्हनतोय, साहेब. दोन वर्सं याच इंजनावर हाय मी. चाळीपाशी आलो की हात तिकडं जातो. मी मागं घेतो. मी एकदा ती शिटी दिली असती तर ती बाई तवा ठेवून दारात उभी राहिली असती, अन् दारात कोन आलं असतं? मी?’ त्याचे डोळे भरले होते. ‘ती त्यांचीच. त्यांच्याबरूबर जाऊ दे. तुमी जे झालंय ते जाऊन सांगा.’

मग सांगायला आम्ही चौघंही गेलो. मी एकटा जातो म्हणालो तर दामले मास्तर म्हणाले, ‘नाही. शिटी काढा म्हणून सांगायला आम्ही आलो होतो, आता हेही ऐकायला आम्हीच हवं.’

खोली चाळीच्या टोकाला होती. बाहेर ओट्यावर आम्हाला बसवलं. म्हातारी आत पडून होती. यमुनाबाईंनी घाईघाईनं पदर सावरला आणि आमच्या हातांकडे बघितलं. आम्ही काही घेऊन आलो असू, असं त्यांना वाटलं असावं. शिटी हातात धरून आणता येत नाही, हे त्यांना माहीत होतं, पण तरी बघितलं.

मी सांगितलं. टेप म्हणजे काय, पुसणं म्हणजे काय, सगळं सांगत बसलो. जितकं लांबवता येईल तितकं लांबवलं. त्या उभ्या राहून ऐकत होत्या.

‘समदं पुसलं?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

‘दुसरीकडं कुठं असंल? दिल्लीला बिल्लीला?’

‘नाही.’

‘थोडं बी न्हाई? निस्तं शेवटचं, ते खाली येतंय तेवढं?’

‘नाही हो,’ मी म्हणालो. ‘मी स्वतः ऐकलं. काही राहिलेलं नाही.’

त्या भिंतीला टेकल्या. आमच्याकडे बघितलं नाही. मुलगी पायाशी आली होती तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी साध्या आवाजात, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या,

‘म्हंजे आता गेले म्हनायचे.’

आणि आत वळल्या. मग आतून असा आवाज आला की नेन्यांनी दोन्ही कान झाकून घेतले. मी आयुष्यभर नाटकांमधून रडण्याचे आवाज दिले, पण तसा कधी ऐकलेला नव्हता. शेजारची ती वयस्कर बाई पीठ लागलेल्या हातांनी धावत आली. आम्हाला वाटलं, आता ही आमच्या अंगावर येणार. ती दारातच थांबली, आत बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

‘रडली,’ ती म्हणाली. ‘दोन वर्सांत पयल्यांदा रडली हो पोरगी.’